गडवाटा आणि आमचें प्रवासवाङ्मय

मराठींत किल्ल्यांच्या प्रवासवर्णनांना तोटा नाहीं. मोटारीचे रस्ते गडांच्या पायथ्याशीं, कांहीं ठिकाणीं माथ्यापर्यंतहि, पोहोंचल्यापासून तर त्यांचा पूर लोटला आहे. ही वृद्धि अभिनंदनीय खरी. परंतु तिच्या गुणांविषयीं आमचें मत तितकें अनुकूल नाहीं. दहा वर्णनें वाचलीं तरी एकच वर्णन दहा वेळां वाचल्यासारखें वाटतें. प्रथम चढण, मग ढासळलेला बुरूज, मग सूर्यास्त, आणि शेवटीं पूर्वजांच्या पराक्रमाच्या आठवणीनें टाकलेला सुस्कारा!

आमचें म्हणणें स्पष्ट करण्यास नेसरीचा परिसर सोयीचा आहे. या गांवाजवळ १६७४ च्या फेब्रुवारींत सरनोबत प्रतापराव गुजर मूठभर स्वारांनिशीं बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि धारातीर्थीं पडले. येथून मोटारीनें निघालेला प्रवासी दोन-तीन दिवसांत सामानगड, गंधर्वगड, महिपाळगड व पारगड पाहूं शकतो. यांपैकीं शेवटच्या तिन्ही गडांवर आजहि वस्ती आहे. तेथें चुली पेटतात, गुरें चरतात, देवळांत घंटा वाजते. पारगडावर तर तानाजी मालुसऱ्यांचा वारसा सांगणारीं घराणीं आहेत; तानाजीचा पुत्र रायबा हा येथला किल्लेदार, अशी परंपरा आहे. पण आमच्या प्रवासवर्णनांत हीं माणसें येतात तीं वाट दाखविण्यापुरतीं, किंवा पाण्याचा तांब्या पुढें करण्यापुरतीं.

शाकुंतलाच्या स्तुतीमुळें आपल्याकडे परिचित झालेला जर्मन महाकवि गटे १७८७ च्या वसंतांत भूमध्य समुद्रांतील सिसिली बेटांत हिंडत होता. पालेर्मोजवळच्या रम्य दरींत वाटाड्या हॅनिबलच्या लढाईची कथा सांगूं लागला. तेव्हां अशा शांत स्थळीं गेलेल्यांचीं भुतें उठवूं नकोस, असें सुनावून गटे नदीच्या पात्रांतील गोटे वेंचूं लागला. भोंवतालचे डोंगर कोणत्या दगडाचे, हें त्याला त्यांवरून जाणून घ्यावयाचें होतें. पुढें सिरॅक्यूजसारखें प्राचीन नगर सोडून त्यानें गव्हाच्या शेतांमधला मार्ग पत्करला.

गटेची ही वृत्ति आमच्या लेखकांनीं अर्धीच उचलावी. पारगडावर इतिहास हें भूत नव्हे. तो घरांत नांदणारा वडीलधारा आहे. त्याला गप्प बसविणें हा उद्धटपणा होईल. परंतु गोटे वेंचण्याची सवय मात्र आम्हांस अवश्य हवी. सामानगडच्या जांभ्या दगडांत खोदलेल्या विहिरी पाहून आमचा लेखक 'भव्य' एवढेंच म्हणतो. त्यांतलें पाणी किती माणसांना, किती दिवस पुरत असेल, हा प्रश्न त्याला सुचत नाहीं. आज्ञापत्र लिहिणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांस तोच प्रश्न आधीं सुचला होता. त्यांच्या दुर्गप्रकरणांत वीररसापेक्षां पाणी, झाडी व साठवण यांचाच विचार अधिक आहे. १८४४ सालीं सामानगडच्या गडकऱ्यांनीं शस्त्र उचललें, त्यामागेंहि पिढीजात हक्क आणि जमिनी जाण्याची धास्ती होती. आमचीं वर्णनें तो सारा प्रसंग 'स्वातंत्र्याची ठिणगी' म्हणून एका वाक्यांत उरकतात आणि पोटाचा प्रश्न झांकून टाकतात.

हा केवळ रुचीचा वाद नव्हे. २०२५ सालीं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत गेले. त्यांत कोल्हापूरचा पन्हाळा आहे. पन्हाळा हें नांदतें शहर आहे, आणि या सन्मानानें आपल्या घरांवर व धंद्यांवर निर्बंध येतील कीं काय, ही चिंता तेथील रहिवाशांनीं त्याच वर्षीं बोलून दाखविली. ती खरी ठरो वा खोटी. तिचें आश्चर्य वाटण्याचें मात्र कारण नाहीं. ज्या वाङ्मयानें गड म्हणजे दगड व आठवण एवढेंच शिकविलें, त्याच्या वाचकास गडावरील माणूस अडचणच वाटावयाचा. जो लेखनांत दिसत नाहीं, तो नियमांत कोठून दिसणार?

म्हणून पुढील प्रवासलेखकाकडे आमची मागणी लहानशी आहे. बुरुजाचें वर्णन त्यानें खुशाल करावें, प्रतापरावांस वंदनहि अवश्य करावें. पण उतरण्यापूर्वीं वैशाखांत गडावर पाणी कोठून आणतात, मुलें कितव्या इयत्तेपर्यंत वर शिकतात, आणि किती घरांना कुलपें लागलीं आहेत, एवढें विचारून यावें. तीं उत्तरें ज्या वर्णनांत असतील, तें आम्ही दुसऱ्यांदा वाचूं.