प्रवासवर्णनातील रिकामे पान

मराठी गद्यात प्रवासवर्णनाचा प्रवाह जुना आहे आणि तो अद्याप आटलेला नाही. १८५७ च्या धामधुमीत गोडसे भटजींनी केलेल्या प्रवासाचा वृत्तान्त ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली प्रसिद्ध झाला. पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’ १९६३ साली आले आणि आग्नेय आशिया व जपान मराठी घरांच्या ओळखीचे झाले. पुढे मीना प्रभु यांनी ‘चिनी माती’, ‘तुर्कनामा’, ‘गाथा इराणी’ या ग्रंथांतून आशियाचा आणखी मोठा प्रदेश मराठीत आणला. या नामवंत लेखनाच्या जोडीला अलीकडे एक लहानसा, घरगुती प्रकार रुजला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुटुंब सिंगापूर, थायलंड, बाली किंवा श्रीलंका पाहून येते आणि घरातील कोणीतरी त्याचा वृत्तान्त लिहिते. तो स्मरणिकेत, मंडळाच्या वार्षिकात किंवा आपल्यासारख्या संस्थेच्या पत्रिकेत छापला जातो.

समीक्षक या लेखनाची दखल घेत नाहीत. मला मात्र ते महत्त्वाचे वाटते. गुजरातेत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपल्या अनेक कुटुंबांत मुलांचे शिक्षण आता गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातून होते. अशा घरातून मराठीत जे चार पानांचे लेखन बाहेर पडते, ते पुष्कळदा हेच असते. म्हणून ते कसे लिहिले जाते, याची चिकित्सा व्हावयास हवी.

या लेखांतील मुख्य उणीव अशी की, त्यांत जेवणाचे पान रिकामे असते. विमानाची वेळ, हॉटेलचा दर्जा, बुद्धमूर्तीची उंची, समुद्रातील बोटीचा वेग, सारे काटेकोरपणे नोंदलेले असते. जेवणाची वेळ आली की ‘भारतीय भोजनाची उत्तम व्यवस्था होती’ अशा अर्थाचे एक वाक्य येते आणि मंडळी पुढील स्थळाकडे निघतात. शासकीय सेवेत दौऱ्याची दैनंदिनी लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली. प्रस्थान, आगमन, अंतर, मुक्काम आणि कामाचा तपशील एवढे लिहिले की प्रवासभत्ता मंजूर होण्यास पुरेसे होत असे. आपले कौटुंबिक प्रवासलेख नेमके त्याच रकान्यांत बसतात. भत्ता मागणाऱ्याला ते शोभते; वाचकाला त्यातून काय मिळते?

जेवणाचा आग्रह जिभेच्या चोचल्यांसाठी नाही. मंदिर किंवा मनोरा पाहणाऱ्याकडून काहीच मागत नाही. जेवताना मात्र परक्याच्या हातचे आपल्या पोटात घ्यावयाचे असते. तेथे भूक, कुतूहल, संकोच, शंका आणि विश्वास एकाच वेळी जागे होतात. यजमानाला काही विचारावे लागते, आपल्याविषयी काही सांगावे लागते. प्रवासी आणि प्रदेश यांची खरी गाठ तेथे पडते. गोडसे भटजी सोवळ्याओवळ्याचे नियम सांभाळणारे भिक्षुक ब्राह्मण. कोणी अन्न दिले, कोणी आसरा दिला, याची कृतज्ञ नोंद ठेवल्यामुळेच त्यांचे पुस्तक इतिहासाच्या साधनापलीकडे जाऊन माणसांचे झाले. पु. लं.च्या ‘पूर्वरंगा’त सुनीताबाई बरोबर आहेत. लेखकाचे डोळे स्थळांइतकेच माणसांवर, त्यांच्या नृत्यनाट्यावर आणि चालीरीतींवर खिळलेले आहेत. ‘माझे खाद्यजीवन’ लिहिणारा हा लेखक. ताट आणि संस्कृती यांचे नाते त्याला वेगळे शिकवावे लागले नाही.

यावर कोणी म्हणेल, तो काळ निराळा होता. हे खरे आहे. त्या वेळी परकीय चलनाची टंचाई होती, परदेशगमन विरळा होते आणि प्रवासी ओळखीपाळखीवर व यजमानांवर अवलंबून असे. १९८४ साली ‘केसरी’ आणि २०१३ साली ‘वीणा वर्ल्ड’ अशा मराठी सहल-संस्था निघाल्या. ज्यांनी कधी एकट्याने रेल्वेचे तिकीटही काढले नव्हते, अशा आजीआजोबांना समूहसहलींमुळे समुद्र ओलांडता आला. मधुमेही माणसाला वेळेवर पोळीभाजी मिळणे ही चैन नव्हे, ती गरज आहे. त्या सोयीला मी नावे ठेवीत नाही. माझा प्रश्न सोयीविषयी नसून लेखणीविषयी आहे. बरोबर नेलेल्या जेवणाबद्दलही लिहिता येते, पण तेही कोणी लिहीत नाही.

आपल्यापैकी बहुसंख्य शाकाहारी आहेत, म्हणून परदेशातील जेवणाविषयी लिहिण्यासारखे काही नसते, असाही एक समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. थायलंडमध्ये भाजीतही माशाचा रस, ‘नाम प्ला’, पडतो. जपानमध्ये निव्वळ भाज्यांच्या साध्या सारालाही पुष्कळदा सुकवलेल्या माशाच्या अर्काचा आधार असतो. तेव्हा शाकाहारी माणसाला प्रत्येक ताटापाशी प्रश्न विचारावाच लागतो. या प्रश्नातूनच कळते की, थायलंडात ‘जे’ नावाचा शाकाहार आहे आणि तो कांदालसूणही वर्ज्य मानतो. आपल्या चातुर्मासाची आठवण कोणाला येणार नाही? जपानी बौद्ध मठांत ‘शोजिन र्‍योरी’ हा शाकाहारी स्वयंपाक शतकानुशतके चालत आला आहे. इंडोनेशियातील ‘गाडो-गाडो’त उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची दाट चटणी ओततात. दाण्याच्या कुटावर वाढलेल्या मराठी माणसाने तेथे दोन ओळी तरी थबकावयास हवे. नकार देणे हाही एक प्रसंगच आहे. यजमान कसा हसला, त्याला काय वाटले, आपण कोणत्या शब्दांत नाही म्हटले आणि नातवाने आजीची नजर चुकवून काय चाखले? हे सारे कुटुंबाच्या अब्रूच्या नावाखाली गाळले जाते आणि लेख निर्जीव होतो.

आणखी एक व्यक्ती या लेखांतून गाळली जाते, ती म्हणजे घरची गृहिणी. वर्षभर दोन्ही वेळचा स्वयंपाक करणारी बाई त्या आठ दिवसांत आयत्या ताटावर बसते. तिला ते कसे वाटते? सुटल्यासारखे वाटते, की हात रिकामे वाटतात? रात्री खोलीत तीच दशम्या आणि मेतकूट काढून सर्वांना वाढते का? बहुतेक लेख पुरुष लिहितात आणि तिच्या वाट्याला ‘सौ.नेही खरेदीचा आनंद लुटला’ अशा धर्तीचे वाक्य येते. पत्नीला वृत्तान्तात खरे स्थान कसे द्यावे, याचा धडा साठ वर्षांपूर्वीच्या ‘पूर्वरंगा’तून आजही घेण्यासारखा आहे.

बडोद्याच्या मराठी लेखकाला तर हे अवघड जाऊ नये. १७३४ पासून हे शहर गायकवाडांच्या ताब्यात राहिले आणि आपले पूर्वज त्या निमित्ताने येथे आले, ते परक्या प्रांतातले प्रवासीच होते. त्यांनी गुजरातचे अन्न नाकारले नाही, स्वतःचे सोडलेही नाही. आपल्या डाळीभाजीत गूळ कधी शिरला, फरसाण फराळाच्या ताटात कधी आले, याची दप्तरी नोंद नाही. दांडिया बाजारातून सुरसागरापर्यंत चालत गेलो तर त्याचा जिवंत पुरावा मिळतो. सेव-उसळीत उसळ आपली, तरी आपली, वर भुरभुरलेली शेव गुजरातेची आणि पाव पोर्तुगीजांच्या मार्गाने आलेला. दोन भाषांनी एका वाटीत केलेला हा करार १ मे १९६० च्या राज्यविभागणीनेही मोडला नाही. परंतु पहिल्या पिढीने ते पहिले परके जेवण कसे स्वीकारले, याविषयी कोणी चार ओळी लिहून ठेवल्या असत्या, तर आज आपल्याजवळ केवढा ठेवा असता!

ही उणीव आपल्या नातवंडांच्या वाट्यास येऊ नये, एवढीच अपेक्षा. पुतळ्याची उंची त्यांना क्षणार्धात कोठेही मिळेल आणि छायाचित्रे तर हजारोंनी साठतील. बँकॉकच्या एका दुकानात त्यांच्या आजीने हातवारे करून मासे नकोत हे कसे समजावले आणि दुकानदारीण बाईने तिला काय करून वाढले, हे मात्र आपण लिहिले तरच त्यांना कळेल. प्रवासलेख लिहिणाऱ्यांनी एका जेवणापुरते तरी घड्याळ बाजूला ठेवावे. कोणी शिजवले, कोणी वाढले, काय खाल्ले, काय पानात टाकले आणि शेजारी कोण बसले होते, हे नावानिशी लिहावे. त्यासाठी दोन प्रेक्षणीय स्थळे गाळावी लागली, तरी वाचकाची तक्रार असणार नाही.