तहानेची कसोटी

सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे बोलले जाते की त्यावर विचार करण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली आहे. सभेचे अध्यक्ष ते बोलतात, मुले ते निबंधात लिहितात, आणि दिवाळीत शेजारी फराळाचे ताट धाडताना आपणही ते मनाशी म्हणतो. वाक्य खोटे नाही. पण ज्या वाक्याला कोणीच हरकत घेत नाही, त्याने कोणाचे काही बदलत नाही. म्हणून त्याची जरा कसून पारख करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

ही पारख करायला कवठे महांकाळसारखे गाव फार सोयीचे आहे. पश्चिमेला मिरज, तिथे मिरासाहेबांचा दर्गा. पूर्वेला पंढरपूर, तिथे विठोबा. या दोहोंना जोडणारा छोट्या रुळांचा लोहमार्ग १९२७ साली पुरा झाला. आता रूळ रुंद झाले, पण वाट तीच आहे. उरुसाला निघालेला भाविक आणि वारीला निघालेला माळकरी एकाच फलाटावर उभे राहतात. फक्त गाडीची दिशा निराळी. मिरजेच्या उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला मान आहे. किराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली वारल्यावर त्या दर्ग्याच्या आवारातच विसावले, आणि त्यांच्या पुण्यस्मरणाला तिथे दरसाल गाण्याच्या बैठका होतात. त्याच गावात वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली रुग्णालय उघडले. तेव्हा या मुलखातल्या माणसाला धर्मांची शेजारओळख पुस्तकातून करून घ्यावी लागलेली नाही.

तरीही पुस्तकांकडे वळले पाहिजे. कारण शेजार नुसता पाहता येतो, त्याचा अर्थ पुस्तकात लावला जातो. मराठीत हा उद्योग जुना आहे. इंग्लंडातून आलेल्या फादर स्टीफन्सने १६१६ साली गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ छापले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्याने आपला सिद्धान्त तसूभरही सोडला नाही. फक्त त्याला मराठी ओवीचे घर दिले. त्याच शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदाने ‘योगसंग्राम’ लिहिला. मुसलमान घरात जन्मलेला हा साधक संतांच्या पंक्तीला बसला, तो भाषेपुरता नव्हे, साधनेनेच. स्टीफन्सपाशी भाषा एक आणि श्रद्धा निराळी; शेख महंमदापाशी श्रद्धांमधली भिंतच पातळ झालेली.

तिसरी वाट विनोबांची. संस्कृत न कळणाऱ्या आईसाठी ‘गीताई’ रचणारा हा पुरुष अरबी शिकला, कुराण मुळातून वाचले, आणि १९६२ साली ‘कुराण-सार’ सिद्ध केले. पुढे ‘ख्रिस्तधर्म-सार’ आले, धम्मपदाची नवी रचना झाली, जैनांच्या सर्व पंथांना मान्य असा ‘समणसुत्तं’ हा संग्रह त्यांच्या प्रेरणेने तयार झाला. इतक्या धर्मग्रंथांना इतक्या आदराने हात लावणारा दुसरा मराठी माणूस दाखवणे कठीण.

पण आदर म्हणजे टीकेला सुट्टी नव्हे. ‘कुराण-सार’ प्रसिद्ध होण्यापूर्वीच पाकिस्तानातल्या वृत्तपत्रांनी त्यावर टीका केली. ग्रंथ न पाहता केलेली टीका म्हणून ती सोडून देता येईल. परंतु तिच्यामागचा प्रश्न सोडून देता येत नाही. सार काढायचे म्हणजे निवडायचे, आणि निवडायचे म्हणजे काही मागे ठेवायचे. उसाचा रस काढला की चोथा उरतो. श्रद्धावंताला मात्र आपल्या ग्रंथात चोथा असू शकतो, हेच मान्य नसते. शिवाय निवडणाऱ्याचा डोळा आपल्या ओळखीचे तेच आधी टिपतो. म्हणून सारग्रंथ वाचताना मन प्रसन्न होते, पण चकित होत नाही. परका धर्म परका वाटण्याचा जो लाभ आहे, तो तिथे हातचा जातो.

आणि परकेपणा खराच आहे. तो झाकून काय साधणार? बुद्धाने जगाचा कर्ता मानला नाही, जैनही मानीत नाहीत. ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान यांचा सारा डोलारा त्या एका कर्त्यावर उभा. आपल्याकडे जन्मांची साखळी, त्यांच्याकडे एकच जन्म आणि शेवटी निवाडा. मूर्तीत देव पाहणारा आणि मूर्तीला देवाचा अपमान मानणारा यांचे ‘एकच म्हणणे आहे’ असे सांगणे म्हणजे दोघांचेही न ऐकणे होय.

मग समान काय? माझे उत्तर या दुष्काळी मुलखाला शोभेल असेच आहे: तहानलेल्याला पाणी. ज्यांची विश्वाची उत्पत्ती जुळत नाही, त्यांची पाण्याची गोष्ट जुळते. काशीहून रामेश्वराला नेत असलेली कावड एकनाथांनी तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ओतली, ही कथा आपण आजीकडून ऐकतो. विहिरीकाठच्या तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या एका पतित स्त्रीला परमेश्वराने क्षमा केली, असे पैगंबरांच्या परंपरेत सांगतात. येशू विहिरीवर पाणी मागतो ते शोमरोनी स्त्रीकडे, जिच्या जमातीशी त्याचे लोक व्यवहार ठेवीत नसत. बुद्धाचा शिष्य आनंद मातंग कन्येकडे पाणी मागतो. ती आपली जात सांगू लागते, तेव्हा तो म्हणतो, मी जात विचारली नाही, पाणी मागितले. चैत्रात आपल्या रस्त्यावर पाणपोई लागते. मोहरमात करबलेच्या तहानेची आठवण ठेवून सबील लागते. उन्हातून आलेला पांथस्थ रांजणातले पाणी पितो. ते कोणत्या मताने भरले याची चौकशी करीत नाही.

या कथा नीट पाहिल्या तर त्यांचे मर्म ‘दान करा’ एवढेच नाही. गाढव, कुत्रा, शोमरोनी बाई, मातंग कन्या: प्रत्येक कथेत असा कोणी आहे, ज्याला त्या काळच्या सज्जनांनी आपल्या वर्तुळात धरले नव्हते. धर्मांचे साम्य उपदेशात आहेच; पण त्याची खरी कसोटी ‘दुसरा’ म्हणून कोणाला मोजले, यात आहे. स्वतःला नको ते दुसऱ्याला करू नये, हे महाभारतात आहे, कन्फ्यूशियसपाशी आहे, ज्यू पंडित हिलेलपाशी आहे. वचनाची उणीव कधीच नव्हती. उणीव होती ती दुसऱ्याला दुसरा मानण्याची.

म्हणून २० मार्च १९२७ हा दिवस मला धर्मविचाराच्या इतिहासातला वाटतो. मिरज–पंढरपूर मार्ग पुरा झाला त्याच वर्षी महाडला बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह चवदार तळ्याचे पाणी प्यायले. ज्या समाजात एकनाथांची गोष्ट घरोघर सांगितली जात होती, त्याच समाजाने माणसांना तळ्यापासून दूर ठेवले होते. गाढवाला पाणी मिळाले, माणसाला नाही! पंढरपुरात तर १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले, तेव्हा विठोबाचे दार सर्वांना उघडले. अभंग शतकानुशतके समता गातच होते.

यातून सारग्रंथ व्यर्थ ठरतात काय? मुळीच नाही. परक्या ग्रंथापुढे नम्र होऊन बसायला ते शिकवतात, आणि ती नम्रता आज पूर्वीइतकीच दुर्मिळ आहे. पण सार ही सुरुवात आहे. पुस्तक मिटल्यावर जे उरते ते शेजाऱ्याशी करायचे असते. फराळाचे ताट गेले, ईदला शीरखुर्मा आला, नाताळात केक आला, हे गोडच आहे. त्यानंतरचे प्रश्न मात्र तितके गोड नाहीत. रिकामी खोली त्या शेजाऱ्याला भाड्याने देऊ काय? त्याच्याविषयी कोणी खोटे बोलले तर आपल्या माणसांत बसून ते खोडून काढू काय? त्याच्या पोराने आपल्या पोराच्या पुढे नंबर काढला तर तितक्याच आनंदाने पेढा घेऊ काय? या प्रश्नांची उत्तरे गीतेत, कुराणात, बायबलात वा धम्मपदात शोधण्याची जरुरी नाही. चारही ग्रंथांनी ती आपल्यावर सोपवली आहेत, आणि त्या चौघांचे याबाबत तरी खरोखरच एकमत आहे.