रोमँटिक चित्रकलेतली साक्ष

युरोपातल्या रोमँटिक चित्रकलेचा विषय निघाला की बोलणं चटकन वादळ, चांदणं आणि उसळत्या भावनांकडे वळतं. बुद्धिवादाला विटलेल्या पिढीने मनाला मोकळी वाट करून दिली, हे पाठ्यपुस्तकी सूत्र तयारच असतं. मला ते अपुरं वाटतं. या काळातली जी चित्रं आजही माणसाला हलवतात, त्यांतली भावना चित्रकाराने कष्टाने कमावलेली आहे.

थिओडोर जेरिकोचं ‘मेड्यूसाचा तराफा’ घ्या. जुलै १८१६ मध्ये ‘मेड्यूस’ हे फ्रेंच जहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ वाळूत रुतलं. कप्तानाची नेमणूक राजनिष्ठेच्या बळावर झालेली. वीसेक वर्षांत त्याने जहाज चालवलं नव्हतं. होड्या पुरेनात, तेव्हा सुमारे दीडशे माणसांना घाईने बांधलेल्या तराफ्यावर चढवलं आणि तो ओढणारे दोर सोडून दिले. १३ दिवसांनी १५ जण जिवंत सापडले. जेरिको वाचलेल्यांना भेटला, जहाजाच्या सुताराकडून तराफ्याची प्रतिकृती करवून घेतली, इस्पितळात मरणासन्न चेहरे रेखाटले, तोडलेले हातपाय समोर ठेवून त्यांचा अभ्यास केला. मगच तो सुमारे पाच मीटर उंच आणि सात मीटर रुंद कॅनव्हास १८१९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांसमोर आला. माणसांच्या त्या ढिगाऱ्यात सर्वांत वर, क्षितिजावरच्या ठिपक्याएवढ्या जहाजाकडे पाहून कापड फडकावणारा माणूस कृष्णवर्णीय आहे. गुलामांचा व्यापार अजून चालू असताना त्याला ही जागा देणं ही उघड भूमिका होती.

कास्पार डेव्हिड फ्रीडरिखने उलट वाट धरली. ‘समुद्रकाठचा मठवासी’ १८१० मध्ये बर्लिनला मांडलं गेलं. त्यात आधी योजलेली जहाजं त्याने काढून टाकली होती, हे पुढे तांत्रिक तपासणीत दिसलं. त्या चित्रातला एकांत असा एकेक आधार काढून घेत घडवलेला आहे.

देलाक्रुआच्या ‘सार्डानापालसचा मृत्यू’ या पूर्वेकडच्या राजाच्या शेवटाच्या चित्रापुढे मात्र मी अडतो. रंगांवरची हुकमत थक्क करणारी आहे, पण तिथल्या मरणाऱ्या स्त्रिया शोभेच्या होऊन बसतात. हे चित्र १८२७ चं. देलाक्रुआ उत्तर आफ्रिकेत गेला तो १८३२ मध्ये. न पाहिलेली पूर्व रंगवताना आवेग वाढला आणि माणूस हरवला.

टर्नरचं १८४० चं ‘गुलामांचं जहाज’ आता बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. पेटलेलं आकाश आधी डोळ्यांत भरतं. खाली उजवीकडे साखळदंड घातलेला पाय नंतर दिसतो. पुढे या चित्राचा मालक झालेल्या कलासमीक्षक रस्किनने १८४३ मध्ये त्यातल्या समुद्राची भरभरून स्तुती केली आणि माणसं पाण्यात फेकली जात आहेत ही गोष्ट तळटीपेत टाकली. रोमँटिक चित्रकलेवरच्या पुढच्या पुष्कळ लेखनाने हीच चूक केली: वादळाला मजकुरात जागा दिली, बुडणाऱ्यांना तळटीपेत.