आठवीच्या गणितातली राहिलेली बाकी

बालभारतीच्या 2018 सालच्या आठवीच्या गणिताच्या पुस्तकात ‘परिमेय व अपरिमेय संख्या’ हे पहिलेच प्रकरण आहे. संख्यारेषा, संख्यांची तुलना, दशांश रूप आणि शेवटी √2 असा त्याचा क्रम. पायथागोरसच्या प्रमेयाच्या आधारे √2 ला संख्यारेषेवर नेमकी जागा दिली आहे, हे या प्रकरणाचे बलस्थान. तक्रार आहे ती दशांश रूपाच्या मांडणीबद्दल. परिमेय संख्येचे दशांश रूप खंडित किंवा आवर्ती असते, √2 चे या दोन्हींपैकी एकही नसते, हे विद्यार्थी पाठ करतो. भर रूप ओळखण्यावर आहे. ते तसे का होते, यावर नाही.

वास्तविक हे कारण भागाकारातच असते. 1 ला 7 ने भागताना ओळीने बाकी उरते ती 3, 2, 6, 4, 5, 1. सातापेक्षा लहान आणि शून्य नसलेल्या बाक्या सहाच. म्हणून केव्हातरी जुनी बाकी परत येणारच, आणि ती आली की भागाकाराचे अंकही त्याच क्रमाने परत येणार. 1 ला 8 ने भागताना 2, 4 आणि मग 0 उरतो. भागाकार संपतो, उत्तर 0.125. आवर्ती किंवा खंडित असण्याचे सारे रहस्य एवढेच.

हा एक अष्टमांश पनवेलजवळच्या ओवे गावातल्या मुलांना परका नाही. जासई परिसरातल्या 1984 च्या शेतकरी आंदोलनानंतर सिडकोच्या प्रकल्पग्रस्तांसाठी जी योजना आली, तिचे नावच ‘साडेबारा टक्के’ आहे. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के, म्हणजेच एक अष्टमांश, विकसित भूखंड. वजावटी बाजूला ठेवल्या तर एकराच्या 40 गुंठ्यांमागे 5 गुंठे. एक गुंठा म्हणजे 33 फूट बाजूचा चौरस. मग 5 गुंठ्यांचा भूखंड चौरस असेल, तर त्याची बाजू किती? 33√5 फूट.

√5 साठी कॅल्क्युलेटर 2.236067977 दाखवतो. हे उत्तर बरोबर आहे का? शेवटचा अंक 7, त्याचा वर्ग 49. म्हणजे या दशांशाच्या वर्गात शेवटी 9 येणार. वर्ग नेमका 5 होऊच शकत नाही. पुढे कितीही अंक घेऊन खंडित दशांश लिहिला, तरी हीच अडचण. मग तो आवर्ती असेल का? अंक पाहून हे कधीच ठरणार नाही. इथे युक्तिवादच हवा.

√2 ची सिद्धता पुस्तकांच्या क्रमात नववीत येते. पण आठवीच्या मुलाला मूळ अवयव येतात, आणि तेवढे पुरेसे आहे. समजा √5 = म/न, म आणि न पूर्ण संख्या. मग म² = 5न². कोणत्याही वर्गसंख्येत 5 हा मूळ अवयव सम वेळा येतो (शून्य वेळाही सम धरून). म्हणून डावीकडे 5 सम वेळा, उजवीकडे एक जास्त, म्हणजे विषम वेळा. एकाच संख्येचे मूळ अवयव दोन प्रकारे पडत नाहीत. तेव्हा असा अपूर्णांकच नाही, आणि म्हणून √5 चा दशांश आवर्तीही नाही.

मोजणीदाराला 73.79 फूट पुरतात, आणि त्यात गैर काही नाही. गैर आहे ते ‘सुमारे’च्या जागी ‘बरोबर’चे चिन्ह लिहिणे. π = 22/7 असे वर्षानुवर्षे लिहिणाऱ्या मुलाला π अपरिमेय आहे हे वाक्य निरर्थक वाटले, तर दोष त्याचा नाही. 22/7 तर 7 ने केलेला भागाकार. त्यात 142857 पुन्हा पुन्हा येणारच.

शिक्षकांनी या प्रकरणाला तीन तासिका अधिक द्याव्यात: एक बाक्यांसाठी, एक मूळ अवयवांच्या युक्तिवादासाठी, आणि एक ‘बरोबर’ व ‘सुमारे’ यांतल्या फरकासाठी. पुढच्या आवृत्तीत हेच पुस्तकात आले, तर अधिक बरे.