इसापचे वटवाघूळ आणि आपले

पशुपक्ष्यांच्या युद्धात जिंकणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसणारे आणि शेवटी दोघांनीही हाकलून दिलेले वटवाघूळ इसापच्या गोष्टीतून आपल्या परिचयाचे आहे. गोष्ट रंजक, तात्पर्यही सोपे. पण विज्ञानाच्या शिक्षकाने ती जशीच्या तशी सांगावी का, असा प्रश्न आम्हांला पडतो.

गोष्टीतला दोष असा, की वर्गीकरणातली आपली अडचण ती प्राण्याच्या स्वभावावर ढकलते. वटवाघळाच्या अंगावर केस असतात, ते पिलांना दूध पाजते. म्हणजे ते सस्तनच. त्याचा पंख म्हणजे लांबलेल्या बोटांमध्ये ताणलेली कातडी. पंख पाहून चुकलो आपण, शिक्षा मात्र त्याला!

हीच वृत्ती कायद्यात उतरली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फळे खाणाऱ्या वटवाघळांना उंदीर-कावळ्यांबरोबर 'उपद्रवी' प्राण्यांच्या यादीत घातले. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादी गेली. लोकांच्या मनातली यादी मात्र शिल्लक आहे.

ती तपासायला नायगावचा परिसर चांगला. एका बाजूला खाडी आणि खारफुटी, दुसरीकडे वसईच्या वाड्या. महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवृक्ष म्हणून निवडलेल्या पांढऱ्या चिप्पीची फुले रात्री उमलतात; त्यांचे परागीभवन वटवाघळे आणि निशाचर पतंग करतात. वड-उंबराच्या बिया वटवाघळे दूरवर टाकतात. कीटकभक्षी जाती डास आणि पिकांवरच्या किडींचे पतंग टिपतात. केळी-चिकूचे नुकसान होते, हेही खरे. ते लपवणे म्हणजे दुसरे अर्धसत्य. जमाखर्च दोन्ही बाजूंनी मांडावा. मोठ्या फळवटवाघळाची मादी वर्षाला बहुधा एकच पिलू देते, ही नोंद त्यात विसरू नये. इमारतींसाठी जुना वड किंवा चिंच तोडली, तर तिथली वसाहत सहज भरून येत नाही.

शाळांना बरेच करता येईल. वसाहतीच्या झाडांची नोंद ठेवावी, दिवाळीत त्यांच्याखाली फटाके वाजवू देऊ नयेत. बागाईतदारांना सैल जाळ्यांऐवजी फळांना पिशव्या बांधण्याचे सुचवावे. जखमी वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये, त्याचे उष्टे फळ खाऊ नये. ही सावधगिरी झाली, वैर नव्हे.

गोष्ट वर्गातून काढावी, असे आमचे म्हणणे नाही. ती सांगून झाल्यावर मुलांना एवढेच विचारावे: यात चुकले कोण?