गोष्टीतून गळालेली गोळी

आमच्या नवेगाव बांधाच्या बाजूला शिकारीच्या गोष्टींना तोटा नाही. तलाव कोलू पाटील कोहळीचा, भोवती सातबहिणींचे डोंगर, आणि १९७५ साली राष्ट्रीय उद्यान होईपर्यंत रानात बंदुकीची ये-जा. शेकोटीपाशी ऐकलेल्या असोत की पुस्तकात वाचलेल्या, या गोष्टींचा साचा बहुतेक एकच. मचाण, चांदणं, वाळल्या पाचोळ्यावर सांबराची चाहूल, मग ‘बार काढला’ आणि सावज जागच्या जागी आडवं. बंदूक कोणती, गोळी केवढी, सावज किती हातांवर होतं, यातलं काही नाही. सगळं त्या ‘बार’ या एका शब्दात गुंडाळलेलं.

माझी तक्रार या शब्दावर आहे. गोळी गळाली की गोष्टीतला खरेपणाही गळतो.

गावाकडची बंदूक म्हणजे बहुतेक ठासणीची, लोक जिला भरमार म्हणतात. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, मग शिशाची गोळी, आणि गजाने ठासायचं. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे घरच्या चुलीवरही. साच्यात ओतलं की गोळी तयार. बारा बोअरची गोल गोळी म्हणजे एका पौंडात बारा, सुमारे ३८ ग्रॅम. वजन दांडगं, पण वेग बेताचा. काळ्या दारूने ती सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास जाते. हल्लीच्या रायफलची गोळी त्याच्या दुपटीहून जास्त. दारू महाग आणि अवघड, म्हणून कुणी हात आखडला, तर वेग आणखी खाली.

आता हिशेब करा. नळी सपाट धरली तर तीस मीटरवर अशी गोळी चारपाच सेंटिमीटर खाली उतरते. शंभर मीटरवर अर्ध्या मीटरहून जास्त. खांद्यावर नेम धरलेला असेल, तर ती पोटाखालून जाईल किंवा पायात बसेल. त्यात नळी आतून गुळगुळीत, गोळी सैल, रात्र अंधारी आणि बारानंतर डोळ्यांपुढे धुराचा पडदा. म्हणूनच जुनी जाणती माणसं एकच सांगत, “जवर गेल्याबिगर घोडा दाबू नोको.” हे वाक्य मी ऐकलं आहे. छापील गोष्टीत ते फारसं भेटत नाही. तिथे अंतर वाढतं, कारण अंतर वाढलं की शिकारी मोठा होतो.

उलट बाजूही मांडायला हवी. जड, मऊ, सावकाश जाणारी गोळी वाईट असते असं नाही. जवळून बसली तर ती हाड मोडते, खोल जाते आणि मांसाची नासाडी कमी करते. परदेशात अजूनही हौशी लोक शिसं ओतून, मुद्दाम कमी वेगाची काडतुसं घरी भरतात. मऊ शिसं फार वेगात सोडलं तर नळीला आतून चिकटतं, म्हणून कुणी त्यात कथील आणि अँटिमनी मिसळून ते कडक करतात. पण या गोळीचा सगळा गुण जवळ जाण्यात आहे. अंतर चुकलं की तीच गोळी जनावराला मारत नाही, नुसती फोडते. मग ते रक्त सांडत बांबूच्या बेटात शिरतं आणि कुठेतरी दोन दिवसांनी मरतं. या जनावराची गोष्ट कुणी सांगत नाही. ‘जागच्या जागी आडवं’ हे वाक्य त्याच्यावर घातलेलं पांघरूण आहे.

जिम कॉर्बेटवर वाचक विश्वास ठेवतो, त्याचं एक कारण इथे सापडतं. ‘जंगल लोअर’मध्ये तो आपल्या लहानपणच्या ठासणीच्या बंदुकीबद्दल लिहितो. दोन नळ्यांपैकी एक फुटलेली, दस्ता पितळी तारेने बांधलेला. हत्यार किती लंगडं होतं हे कळलं, की त्या पोराला रानात इतकं जपून का चालावं लागलं हेही कळतं. मोठेपणा सांगावा लागत नाही.

आज हा प्रश्न नुसता साहित्याचा उरलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीची वाट बंद केली. विनापरवाना काडतूस भरणं हाही गुन्हा आहे. तरी आजोबाच्या ‘एका गोळीत’ची गोष्ट ऐकून एखाद्या पोराचा हात शिवशिवतोच. अर्धी गोष्ट ऐकलेला पोर अर्ध्याच गोष्टीवर भाळतो.

माडगूळकरांचं ‘नागझिरा’ आणि चितमपल्लींचं ‘नवेगाव बांधचे दिवस’ वाचताना बाराची वाट पाहावी लागत नाही. जंगल स्वतःच धरून ठेवतं. शिकारीच्या आठवणी लिहू नयेत असं माझं म्हणणं नाही. त्या आपल्या गावाचा इतिहास आहेत. फक्त लिहिणाऱ्याने गोळीचं वजन लिहावं, पावलं मोजून अंतर लिहावं, आणि सकाळी रक्ताच्या मागावर कोण गेलं, काय सापडलं, तेही लिहावं. एवढं लिहूनही शिकारी मोठा वाटला, तर तो खरंच मोठा होता.