बेने इस्राएल लग्न : मेंदीच्या पुढचं कोण वाचणार?

बेने इस्राएल लग्नावरचे लेख वाचायला घेतलेत तर एक मांडणी हमखास भेटते. मेंदी, हळद, मंगळसूत्र म्हणजे हिंदू प्रभाव. केतुबा आणि हुप्पा म्हणजे मूळ ज्यू. दोन रकाने आखले की झालं संशोधन! पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहीत असाल, तर ही मांडणी उचलण्याआधी थोडं थांबा.

बेने इस्राएल म्हणजे कोकणपट्टीतले मराठी बोलणारे ज्यू. तेलाचा धंदा करायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून ‘शनिवार तेली’. आडनावं पेणकर, दिवेकर, रोहेकर, म्हणजे गावांवरूनच. लग्नाआधी मेंदी होते. मग हुप्पा, म्हणजे लग्नाचा मांडव, अंगठी, आणि केतुबाचं वाचन. केतुबा हा अरामी भाषेतला विवाहकरार. बायकोप्रती नवऱ्याची जबाबदारी काय, आणि घटस्फोट झाला किंवा तो वारला तर तिला किती रक्कम मिळेल, हे त्यात साक्षीदारांच्या सह्यांनिशी लिहिलेलं असतं.

आता मेंदीचंच घ्या. येमेन आणि मोरोक्कोच्या ज्यूंमध्येही लग्नाआधी मेंदी लागते. तिथे कुठला आला हिंदू शेजार? काळ्या मण्यांची पोत तर आपल्या विदर्भातल्या कित्येक मुस्लिम घरांतही दिसते. अनसिंगसारख्या गावात राहणाऱ्याला हे पुस्तकात शोधावं लागत नाही. केरळच्या सिरियन ख्रिस्ती बायका ‘मिन्नू’ घालतात. कोकणातल्या प्रथा शेजाऱ्यांकडून आल्याच नाहीत, असं मी म्हणत नाहीये. पण कोणत्या शेजाऱ्याकडून आणि केव्हा, हे दाखवायला नको? तुलनेला दुसरा समाजच घेतला नाही, तर ‘प्रभाव’ हा नुसता अंदाज राहतो. गाईड व्हायवात नेमकं तिथेच पकडणार.

बहुतेक जण हाइम सॅम्युएल केहिमकर यांच्या इतिहासाचा आधार घेतात. पुस्तक लिहिलं गेलं 1897 मध्ये, छापलं 1937 मध्ये, तेल अवीवला. प्रथांच्या तपशिलाला त्याला तोड नाही, ते वाचाच. पण केहिमकर समाजातलेच, मुंबईत शाळा काढणारे सुधारक. आपला समाज प्राचीन इस्राएलचाच आहे हे त्यांना सिद्ध करायचं होतं. म्हणून ‘ही आमची प्रथा’ असं वाक्य आलं की ते प्रत्यक्ष घडायचं ते सांगतात की घडायला हवं ते, हे प्रत्येक ठिकाणी विचारा.

माझी मोठी तक्रार मात्र वेगळी आहे. ही वर्णनं लग्नाच्या मांडवातच संपतात. पुढच्या संसाराचं काय?

1962 मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बींनी विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना काढल्या : बेने इस्राएल व्यक्तीला इतर ज्यूशी लग्न करायचं असेल तर तिच्या पूर्वजांची चौकशी करा. शंका मेंदीवर नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले का, दिराशी लग्नाचा नियम पाळला का, बाहेरच्यांशी लग्नं झाली का, हे प्रश्न होते. कोकणातून गेलेल्या तरुण जोडप्यांची लग्नं त्यावर अडली. निदर्शनं झाली, आणि 1964 मध्ये क्नेसेटला ठराव करून सांगावं लागलं की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यूच आहेत.

इकडे भारतातही गंमत आहे. हिंदू विवाह कायदा 1955 ज्यूंना स्पष्टपणे वगळतो. पारशांसाठी 1936 चा, ख्रिस्ती लोकांसाठी 1872 चा कायदा आहे. ज्यूंच्या लग्नासाठी असा वेगळा कायदाच नाही. भांडण कोर्टात गेलं की धर्मशास्त्र आणि रूढीच पुढे येते. म्हणजे जी ‘प्रथा’ आपण दोन ओळींत उरकतो, तिच्यावर एखाद्या बाईची पोटगी ठरू शकते.

विषय शोधत असाल तर मेंदीच्या फोटोंऐवजी केतुबा बघा. तारीख, गाव, दोघांच्या वडिलांची नावं, रक्कम, साक्षीदार, सगळं एका कागदावर. अलिबाग-पेणकडचे जुने आणि मुंबईतले नंतरचे असे कागद शेजारी ठेवले तर रक्कम बदलते का? साक्षीला कोण येतं? आणि लग्न मोडल्यावर त्या कागदाचा आधार कोणाला कधी मिळाला?